भरली सुई, रिकामी सुई : एका डावखुऱ्या विद्यार्थिनीला विणकाम शिकवताना

सुया टेबलावर ठेवायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "काकू, मी डावखुरी आहे. मला दोनदा शिकवून झालंय. येत नाही."

ही आमच्याच सोसायटीतली, तिसऱ्या मजल्यावरची. वय 27, बँकेत नोकरी. बहिणीला सातवा महिना लागलेला आणि बाळंतपण फेब्रुवारीत, निफाडकडे. निफाडची थंडी नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. बाळासाठी पुढून उघडा स्वेटर आणि टोपडं स्वतःच्या हाताने विणायचं, हे तिने मनात पक्कं केलं होतं. मी तीस वर्षं घरी दुपारच्या वेळी विणकाम शिकवते. नोव्हेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत आमचं जे चाललं ते इथे मांडते आहे, कारण त्यात माझ्या शिकवण्यातल्या तीन चुका मला सापडल्या. माझ्यासारख्या शिकवणाऱ्या आणखी बऱ्याच जणींच्या हातूनही त्या होत असतील.

तिला पहिल्यांदा शिकवलं शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला. बाई दर वेळी तिच्या हातातल्या सुयांची अदलाबदल करून पुढे जायच्या. दुसऱ्यांदा शिकवलं आजीने, अगदी मायेने, मांडीशी बसवून. पण आजी उजव्या हाताची, आणि शेजारी बसून नात जे बघत होती ते तिच्या हातांना जुळत नव्हतं. दोन्ही वेळा तिने एकच निष्कर्ष काढला, की दोष आपल्यात आहे.

2020 साली सुमारे 24 लाख लोकांची माहिती एकत्र करून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डावखुऱ्यांचं प्रमाण 10.6 टक्के निघालं, म्हणजे दहांत एक. हा आकडा वाचला तेव्हा मी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वह्या काढून बसले. दहांत एक या हिशेबाने माझ्याकडे कितीतरी डावखुऱ्या येऊन गेल्या असणार. मला आठवतात त्या दोनच. बाकीच्यांना मी "सुई उजव्या हातात धर" म्हणाले असेन, आणि त्या दोन-चार दिवसांनी यायच्या थांबल्या असतील. ते मनाला फार लागलं.

आधी हात ओळखायचा

डावखुरेपण सगळ्यांत सारखं नसतं. ओल्डफिल्ड या संशोधकाने 1971 मध्ये एडिंबरा विद्यापीठातून एक प्रश्नावली दिली होती, ती अजून वापरतात. तिच्यात लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, दात घासणं, सुरी, चमचा, झाडताना वरचा हात कोणता, काडी ओढणं, डब्याचं झाकण उघडणं अशा दहा कामांबद्दल विचारलेलं आहे. मी तिला तीच कामं विचारली. जेवण सोडलं तर जवळजवळ सगळं डाव्या हाताने. जेवायला उजवा, कारण लहानपणी तेवढं घरच्यांनी वळवलं होतं. काही डावखुऱ्या बायका कात्री आणि झाडू उजव्या हाताने वापरतात. त्यांचं विणकाम नेहमीच्या पद्धतीने सहज जमू शकतं. हिचा हात तसा नव्हता.

तरीही पहिला आठवडा मी तिला नेहमीच्या दिशेनेच विणायला लावलं, आणि ते करणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. विणकामात दोन्ही हात कामाला असतात. शिवाय पुस्तकांतले नमुने, शेजारणीची मदत, दुकानदाराचा सल्ला, सगळं उजव्या हाताचं असतं. नेहमीची पद्धत जमली तर पुढचा रस्ता सोपा होतो. मात्र मी दोरा तिच्या डाव्या हातात दिला. आपल्याकडे बहुतेक जणी दोरा उजव्या हातात धरून सुईवर टाकतात. जर्मनी, डेन्मार्ककडे दोरा डाव्या बोटावर ताणून धरायची पद्धत सर्रास आहे, आणि तिथे उजव्या हातातली सुई तो दोरा नुसता ओढून घेते. डाव्या हाताला त्यात काम मिळतं, म्हणून अनेक डावखुऱ्यांना ती मानवते.

हिला सुलट टाके आले (कापडाच्या पुढच्या बाजूला वेणीच्या पेडांसारखे दिसतात ते; त्यांची पाठ म्हणजे उलट टाके). उलट टाक्यांच्या ओळीत मात्र दोरा ढिला पडायचा, उजव्या हातातली सुई चाचपडायची, आणि 20 टाक्यांची ओळ संपेपर्यंत खांदे कानांशी आलेले असायचे. सातव्या दिवशी तिने सुया खाली ठेवून विचारलं, "काकू, मी माझ्या बाजूने करून बघू?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून खरं शिकवणं सुरू झालं.

समोर बसून काय दिसतं

डावखुऱ्याला समोर बसवून शिकवावं, म्हणजे आरशात बघितल्यासारखं त्याला सगळं सरळ दिसतं, असं सगळे सांगतात. मीही तेच केलं आणि पहिल्या अर्ध्या तासात अडले. समोर बसलेल्या माणसाला माझ्या विणकामाची पाठ दिसते. मी सुलट टाका घालते तेव्हा तिच्या बाजूला उलट टाक्याची गाठ उमटते. मी दोरा मागे नेते तेव्हा तो तिच्या अंगावर येतो. डावं-उजवं जुळतं, पण पुढचं-मागचं फिरतं. जेवण वाढायला किंवा केस विंचरायला शिकवताना हे चालून जाईल. विणकामात सुलट आणि उलट यांतला सगळा फरकच पुढच्या-मागच्याचा आहे.

मग ड्रेसिंग टेबलाचा आरसा झाला. तिथेही तेच. आरशाला माझ्या कामाची पाठच दिसते, मग आरसा दुसरं काय दाखवणार?

उपयोगी पडला तो फोन. तिने माझ्या खांद्यावरून, माझे डोळे जे बघतात तेच दिसेल असा फोन धरला, दहा टाक्यांचं चित्रीकरण केलं आणि ते संपादनाच्या अॅपमध्ये आडवं उलटवलं. आता पडद्यावर माझे हात डावखुरे झाले होते आणि कामाची पुढची बाजू पुढेच राहिली होती. ते बघून तिने पहिली सरळ ओळ विणली. वीस टाक्यांची 8 नंबरच्या सुयांवरची ओळ, जाड लोकर. (8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक होते.)

बघून हात चालतो, पण अडला की सांगावं लागतं. आणि सांगताना माझं तोंड उजव्या हाताचंच होतं.

पहिली चूक : माझे शब्द

मी वर्षानुवर्षं सांगत आले होते, "उजवी सुई डाव्या सुईवरच्या टाक्यात घाल, दोरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गुंडाळ." सुलट टाका ती पडद्यावर बघून शिकली होती, त्यामुळे तो बरोबर होता. उलट टाका मी तोंडी समजावला. डाव्या-उजव्याची अदलाबदल ती मनात करत होती, पण घड्याळाचं वाक्य तिने जसंच्या तसं पाळलं. आरशात घड्याळाचे काटेही उलटे फिरतात हे मला सुचलं नाही. डाव्या हाताने विणताना दोरा काट्यांच्या दिशेने जायला हवा.

सुरुवातीला सगळ्या ओळी सुलट असलेली पट्टी केली, तिच्यात काही कळलं नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं सुरू केल्यावर चार बोटं विणून झालं आणि कापड घट्ट लागायला लागलं. सुलट बाजूला टाके एकाखाली एक वेणीच्या पेडांसारखे मोकळे दिसायला हवेत. तिचे एक ओळ सोडून एक, पायावर पाय टाकून बसल्यासारखे दिसत होते. पीळ पडलेले टाके. अशा कापडाला ताण कमी असतो, आणि बाळाच्या डोक्यातून काहीही घालायचं तर ताण लागतोच.

त्या रात्री मी बसून माझी सगळी वाक्यं लिहून काढली आणि त्यांतली डावं, उजवं आणि घड्याळ खोडली. उरलेल्या शब्दांत टाका सांगता येतो का, ते बघायला मीच सुया उलट्या हातांत घेतल्या. बघितलं तर येतो. फोनवर आडव्या उलटवलेल्या चित्रात वर-खाली बदलत नाही, पुढे-मागे बदलत नाही. बदलतं फक्त डावं-उजवं. म्हणून सुयांना नवी नावं दिली : टाके जिच्यावर आहेत ती भरली सुई, विणते ती रिकामी सुई.

सुलट टाका : दोरा मागे. रिकामी सुई टाक्यात पुढून मागे. दोरा रिकाम्या सुईच्या खालून वर घे आणि दोन सुयांच्या मधून खाली आण. फास पुढे ओढ. जुना टाका भरल्या सुईवरून सोड.

उलट टाका : दोरा पुढे. रिकामी सुई टाक्यात मागून पुढे. दोरा रिकाम्या सुईच्या वरून खाली. फास मागे ढकल. जुना टाका सोड.

एवढंच. ही वाक्यं उजव्या हाताच्या बाईला वाचून दाखवा, तिचा टाका बरोबर येईल. डावखुरीला दाखवा, तिचाही येईल. तिची घोडचूक होती उलट टाक्यात दोरा खालून वर घेण्याची. "वरून खाली" हे दोन शब्द कानी पडल्यावर ती दुसऱ्या दिवशीच सुधारली. आपल्या भाषेत भेदभाव करण्याला डावं-उजवं करणं म्हणतात. तीस वर्षं मी माझ्या शिकवण्यात अक्षरशः तेच करत होते.

इथे एक गोष्ट शिकवणाऱ्यांना कळकळीने सांगते. स्वतः उलट्या हातांनी निदान दहा-बारा ओळी विणून बघा. मला पहिली ओळ विणायला पाऊण तास लागला. बोटांना काय करायचं ते डोक्याला माहीत असूनही बोटं ऐकत नाहीत. माझ्यासमोर बसलेल्या नवशिक्या मुलींना रोज काय वाटत असेल, ते मला इतक्या वर्षांनी पुन्हा कळलं.

दुसरी चूक : "दे इकडे, मी सावरून देते"

शब्द सुधारले तरी मधेच एखादी ओळ पीळ पडलेली निघायची. रोज नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा. तिचा हात मी टाक्याटाक्याला बघितला, चूक नव्हती. कारण सापडायला मला चार दिवस लागले. ज्या दिवशी ती माझ्याकडे येऊन विणायची त्याच दिवशी ती ओळ निघायची, आणि ती ओळ नेहमी मी हात लावल्यानंतरची असायची.

टाका म्हणजे सुईवर घोडेस्वारासारखा बसलेला फास. एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने विणलं तर प्रत्येक टाक्याचा उजवा पाय पुढे येतो. डाव्या हाताने विणलं तर डावा पाय पुढे येतो. विणणारीने सुईच्या टोकाकडचा पाय पुढे आहे असं धरून त्यात सुई घालायची असते. माझ्या हाताने विणलेली ओळ तिच्याकडे गेली की तिच्या टोकाकडचा पाय मागे असतो. ती बिचारी सवयीप्रमाणे पुढच्या पायात सुई घालते आणि टाक्याला पीळ बसतो. म्हणजे टाका सुटला म्हणून तिने काम माझ्याकडे दिलं, मी टाका उचलून वर दोन ओळी भराभर विणून "हे घे" म्हणून परत दिलं, आणि माझ्या मदतीनेच तिची पुढची ओळ बिघडली.

एरवी शिकवताना आपण हे दिवसातून दहा वेळा करतो. शिकणारीच्या हातातलं काढून घ्यायचं, नीट करून द्यायचं. ते काम पटकन सरतं आणि आपल्यालाही बरं वाटतं. हिच्या बाबतीत मी ते बंद केलं. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने तिनेच उचलायचा, मी फक्त बोलायचं. टाकेसुद्धा मी घालून द्यायचे नाहीत. आणि तिला टाक्याचे पाय बघायला शिकवले : प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, टोकाकडचा पाय पुढे आहे ना? मागे असेल तर त्या टाक्यात मागच्या पायातून विण, पीळ पडणार नाही. हे कळल्यावर तिचं विणकाम खरं तिच्या ताब्यात आलं. चूक झाली तर कुठे झाली ते ती स्वतः बघायला लागली. उजव्या हाताच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी निम्म्या जणींना मी हे कधी शिकवलंच नव्हतं. त्यांचं चालून जात होतं.

तिसरी चूक : स्वेटर

डिसेंबरच्या मध्यावर स्वेटरचे टाके घातले. चार पदरी मऊ अॅक्रिलिक, फिकट पिवळा, 10 नंबरच्या सुया. पाठ सरळ होती, झाली. रॅगलनच्या, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या जाणाऱ्या, खांद्याला टाके कमी करायची वेळ आली तेव्हा मी फार विचार करून चुकीचा सल्ला दिला.

दोन टाके एकत्र सुलट विणले की उजव्या हाताच्या विणकामात तो जोड उजवीकडे कलतो. एक टाका न विणता घेऊन, पुढचा विणून, न विणलेला त्यावरून काढला की जोड डावीकडे कलतो. डाव्या हाताने विणताना हे उलटं होतं. मला वाटलं, कल उलटा होतोय तर तिने दोन्ही प्रकार एकमेकांच्या जागी वापरावेत. तिने तसं केलं. आठ ओळींनी खांद्याची तिरकी रेघ सुंदर सलग दिसायच्या ऐवजी पिसं उपटल्यासारखी दिसायला लागली.

मी विसरले होते की तिची ओळच दुसऱ्या टोकाने सुरू होते. नमुन्यात "ओळीच्या सुरुवातीला" लिहिलं असेल तर माझी सुरुवात उजव्या कडेला आणि तिची डाव्या कडेला. कडही बदलली, कलही बदलला, म्हणजे हिशेब आपोआप जुळला होता. तो मी मधे हात घालून मोडला. आठ ओळी उसवल्या. तिने एक शब्द न बोलता उसवल्या, आणि मी दोरा गुंडाळत बसले.

त्यातून आमचा ठरलेला नियम असा : शब्दांत लिहिलेला नमुना जसाच्या तसा विणायचा, काहीही बदलायचं नाही. अख्खा स्वेटर आरशातला होऊन येतो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर कुणाला कळतही नाही. पुढून उघड्या स्वेटरात एवढंच लक्षात ठेवायचं, की "डावी बाजू" म्हणून लिहिलेला भाग विणला की उजवी बाजू तयार होते आणि काजी दुसऱ्या बाजूला येतात. बाळाच्या स्वेटरला त्याने काही बिघडत नाही. मोठ्या माणसाचा असेल तर काजीची पट्टी आधी ठरवून घ्यायची.

चौकटींवर काढलेल्या चित्राचं मात्र वेगळं आहे, आणि ते आम्हाला टोपड्यात भेटलं. तिला पुढे बाळाच्या नावाचं आद्याक्षर हवं होतं, ग. चौकटींच्या कागदावर तिने ते सुंदर काढलं. (टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून अक्षर कागदावर जरा लांबट काढावं लागतं.) उजव्या हाताच्या बायका सुलट बाजूची ओळ कागदावर उजवीकडून डावीकडे वाचतात. तिने तसंच वाचलं असतं तर काठी आधी आणि ग चा आकडा नंतर, असं उलटं अक्षर आलं असतं. तिने सुलट बाजूच्या ओळी डावीकडून उजवीकडे वाचल्या, आपण एरवी लिहिलेलं वाचतो तशाच, आणि उलट बाजूच्या ओळी उजवीकडून. अक्षर सरळ आलं. पण अशा चित्रात जाळीची नक्षी असेल, म्हणजे कलणाऱ्या जोडांच्या खुणा असतील, तर तिथे मात्र दोन्ही जोडांची अदलाबदल करावीच लागते, कारण आता कापड आरशातलं होत नसतं, कागदावरच्यासारखंच होत असतं. मी खांद्याला दिलेला सल्ला इथे बरोबर ठरला असता. हा फरक तिनेच आधी ओळखला. मी कागदावर बाण काढून पडताळा घेतला, तेव्हा मला पटलं.

स्वेटर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुरा झाला. उलट ओळी अजून सुलट ओळींपेक्षा किंचित सैल आहेत, जवळून बघितलं तर आडव्या रेघा जाणवतात. ते अनेक उजव्या हाताच्या बायकांचंही असतं आणि सरावाने जातं.

मधल्या काळात माझ्याकडे दोन नव्या मुली आल्या, दोघी उजव्या हाताच्या. त्यांनाही मी भरली सुई, रिकामी सुई असंच शिकवते आहे. पहिल्या दिवशी टेबलावर सुया नुसत्या ठेवते आणि कोणता हात पुढे येतो ते बघते.

ती आता चार सुयांवर मोजे घेऊन बसली आहे. गोल विणताना तिची फेरी माझ्या उलट दिशेने फिरते. फेरी कुठे सुरू होते त्याची खूण म्हणून तिने लाल दोरा बांधला आहे. काल घोट्यापर्यंत आली. टाच कशी वळवायची ते मी आधी माझ्या डाव्या हाताने विणून बघते आहे. माझी टाच अजून नीट वळलेली नाही, त्यामुळे तिला रविवारी यायला सांगितलं आहे.